इसार देण्याआधी इंजिनला हात लावून बघा

हस्ताचा पाऊस होऊन रानात वाफसा आला की आपल्या वळसंग भागात ज्वारीच्या पेरणीची एकच घाई उडते. भाड्याचा ट्रॅक्टर वेळेवर मिळत नाही, बैलजोडी सांभाळणं परवडत नाही आणि नवा ट्रॅक्टर आवाक्याबाहेर. मग पहिला ट्रॅक्टर म्हणून जुनाच घ्यावा, असं मनात येतं. विचार वाईट नाही. पण तो कसा घ्यावा हे सांगण्याआधी माझीच एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी एक शेतकरी मला सोबत घेऊन जुना ट्रॅक्टर बघायला गेला. आम्ही पोहोचलो तेव्हा इंजिन चालूच होतं. रंग नवा, टायर बरे. "साहेब, कसा वाटतोय?" त्यानं विचारलं. "चांगला दिसतोय," मी म्हणालो. तेवढ्या शब्दावर त्यानं इसार दिला आणि बैलजोडी विकून बाकीचे पैसे भरले. ऐन पेरणीत सकाळी इंजिन चालू होईना. फिटरनं उघडून दाखवलं, पिस्टन-लायनर गेलेले. दुरुस्ती होईपर्यंत रानातली ओल उडाली आणि त्याचं निम्मं रान पेरायचं राहिलं. तेव्हापासून सांगतो, इसार देण्याआधी तीन गोष्टी बघा: थंड इंजिन, लोडवरचं काम आणि कागद.

थंड इंजिन

सकाळी लवकर जा. "मी येईपर्यंत चालू करू नका," असं मालकाला आधीच सांगा. गेल्या गेल्या इंजिनला हात लावा. गरम लागलं तर थंड होईपर्यंत थांबा. थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला किंवा ऑइलची पट्टी काढल्यावर ऑइल दुधाळ दिसलं, तर पाणी आणि ऑइल एकमेकांत जातंय, असं समजा.

मग सेल्फ मारा. धक्का देऊन चालू करायची वेळ यायला नको. सुरुवातीचा थोडा धूर चालतो. इंजिन गरम झाल्यावरही निळा धूर येत राहिला तर ऑइल जळतंय. काळा धूर आला तर नोझल, डिझेल पंप किंवा तुंबलेला एअर क्लीनर बघा. पांढरा धूर थांबतच नसेल तर हेड गॅस्केट तपासायला लावा. इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करा. तिथून धुराचा झोत येत राहिला तर रिंगा-लायनर झिजलेत, इंजिन कामाला आलंय.

तासांच्या मीटरवर विसंबू नका, ते बदलता येतं. मीटरवर तास कमी आणि क्लच-ब्रेकची पायडलं गुळगुळीत झालेली, असं दिसलं तर सावध व्हा.

लोडवरचं काम

रस्त्यावर मोकळा फिरवून ट्रॅक्टर कळत नाही. नांगर जोडून काळ्या रानात चार तास मारून बघा. नांगरताना किंवा चढावर गिअर आपोआप सुटतो का? क्लच घसरतो का? नांगर उचलून इंजिन बंद करा. तो लगेच खाली बसला तर लिफ्टमध्ये गळती आहे. त्या वेळी नांगराखाली पाय घालू नका. दोन्ही ब्रेक वेगवेगळे आणि मग एकत्र दाबून बघा. स्टिअरिंगचा ढिलेपणा बघा. पी.टी.ओ. चालवून बघा.

आपल्या जिल्ह्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढलेले ट्रॅक्टरही विक्रीला येतात. त्यांचा क्लच, ब्रेक, मागचा एक्सल आणि हूक जास्त बारकाईनं बघा. बॉडीवर कुठं वेल्डिंग दिसलं तर कारण विचारा.

कोणत्या कंपनीचा घ्यावा, असंही विचारतात. ज्याचे सुटे भाग जवळ मिळतात, तो घ्या. झेटॉरचा वारसा असलेली एच.एम.टी. एके काळी नावाजलेली होती, पण तिचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय केंद्र सरकारनं २०१६ साली घेतला. असा ट्रॅक्टर घेताना आधी सुट्या भागांच्या दुकानात चौकशी करा.

कागद

आर.सी. बुकावरचा इंजिन आणि चेसिस नंबर ट्रॅक्टरवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवा. शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढं दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं. बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल तर ना-हरकत दाखला आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नका. ट्रॅक्टर विजयपूर, कलबुर्गीकडचा असेल तर तिथल्या आर.टी.ओ.चा फॉर्म २८ लागेल. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तीही मागा.

स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं म्हणजे ट्रॅक्टर नावावर झाला, असं होत नाही. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन ३० दिवसांच्या आत आर.टी.ओ.कडे कळवा. विमाही आपल्या नावावर करून घ्या. विकणाऱ्यानंही हे ध्यानात ठेवावं. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव आहे त्याच्यावर येते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली स्पष्ट केलंय.

सरपंच, पोलीस पाटील मंडळींना एक विनंती. अशा व्यवहारात तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावतात. सही करण्याआधी आर.सी. बुक मागून बोजाची नोंद बघा. तुमच्या एका प्रश्नानं एखाद्याचं घर वाचेल.

आणि सोबत आपला फिटर न्या, त्याची दिवसाची मजुरी द्या. विकणाऱ्यानं आणलेला फिटर नको. त्या शेतकऱ्यानं पुढं दुसरा जुना ट्रॅक्टर घेतला, तेव्हा मला न बोलावता फिटरला घेऊन गेला. बरोबर केलं त्यानं.