धाकट्या बॅटरीचे मोठे दुखणे

विरार पूर्वेच्या मनवेलपाड्यात मोटार ही बहुतेक घरांत रोजच्या वापराची वस्तू नाही. येथील शिक्षक, कारकून, बँकेतील कर्मचारी सोमवार ते शनिवार सकाळी स्थानकाची वाट धरतात. रिक्षा, विरार लोकल आणि पुढे बोरिवली, अंधेरी किंवा चर्चगेट असा त्यांचा मार्ग ठरलेला असतो. चर्चगेट येथून सुमारे ६० किलोमीटर. तेवढी मजल रोज मोटारीने मारणे वेळेला परवडत नाही आणि खिशालाही. मोटार घेतली जाते ती रविवारसाठी: अर्नाळ्याच्या किनाऱ्यासाठी, वज्रेश्वरीच्या दर्शनासाठी, सणासुदीला गाव गाठण्यासाठी आणि घरात वृद्ध माणूस असेल तर अपरात्री रुग्णालयात नेण्यासाठी. उरलेले सहा दिवस ती सोसायटीच्या आवारात उभी असते.

ही उभी मोटार विजेवर चालणारी असेल, तर मालकाची समजूत अशी असते की, मोठी बॅटरी भरलेली आहे तोवर चिंता नाही. मग एखाद्या रविवारी तो किल्लीचे बटण दाबतो आणि गाडी हूं की चूं करीत नाही. दार उघडत नाही, दिवा लागत नाही, समोरचा पडदा काळाच राहतो. मोठ्या बॅटरीत ८० टक्के वीज शिल्लक असूनही १५-२० लाखांची मोटार जागची हलत नाही. दोष असतो तो पुढच्या झाकणाखाली किंवा मागच्या डिकीत बसवलेल्या, काही हजार रुपये किमतीच्या, १२ व्होल्टच्या साहाय्यक बॅटरीचा. ‘हत्ती गेला आणि शेपूट राहिले’ ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

किल्ली धाकटीच्या हाती

विजेच्या मोटारीत दोन बॅटऱ्या असतात, हेच पुष्कळ खरेदीदारांना ठाऊक नसते. चाके फिरवणारी थोरली बॅटरी साधारणतः ३०० व्होल्टांहून अधिक दाबाची असते. एवढा दाब जीवघेणा असल्यामुळे गाडी बंद होताच ही बॅटरी उर्वरित यंत्रणेपासून तोडली जाते. अपघात झाला किंवा कारागिराने हात घातला, तर धक्का बसू नये हा त्यामागचा हेतू आणि तो योग्यच आहे. परंतु तोडलेली जोडणी पुन्हा जोडणारे स्विच, ज्यांना तंत्रज्ञ कॉन्टॅक्टर म्हणतात, ते चालतात १२ व्होल्टांवर. दाराचे कुलूप, दिवे, गाडीतील संगणक, हेही सारे त्याच विजेवर. थोडक्यात, थोरलीच्या तिजोरीची किल्ली धाकटीच्या हाती दिलेली आहे. पेट्रोल आणि वीज या दोहोंवर चालणाऱ्या हायब्रिड मोटारींतही थोड्याफार फरकाने हीच रचना असते.

धाकटी बॅटरी बहुधा शिसे आणि आम्ल यांची असते. फ्रान्सच्या गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये शोधलेली ही बॅटरी स्वस्त आहे, गावोगाव मिळते आणि तिच्या १२ व्होल्टांवर चालणारे सुटे भाग बनवणारा मोठा उद्योग जगभर उभा आहे. म्हणूनच ती टिकून राहिली. तिचा एक स्वभावदोष मात्र वसई-विरारच्या रहिवाशांना इन्व्हर्टरमुळे चांगला परिचयाचा आहे. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या क्षाराचे थर घट्ट होत जातात आणि मग ती पूर्वीइतकी वीज साठवू शकत नाही. उष्णतेने ही झीज वाढते. पावसाळ्यात वीज गेली की इन्व्हर्टर अवघ्या दहा मिनिटांत मान टाकतो, त्याचे एक कारण हेच.

उभ्या मोटारीत ही बॅटरी स्वस्थ बसत नाही. किल्लीची चाहूल घेणारी यंत्रणा, चोरीची सूचना देणारा भोंगा, मोबाइलशी बोलणारा संच हे सारे तिच्यावर थोडे थोडे जगतात. साधा हिशेब करून पाहावा. बॅटरीची क्षमता ४५ अँपिअर-तास आहे आणि उभ्या गाडीत सतत ५० मिलिअँपिअर प्रवाह खर्च होतो, असे समजू. सहा दिवसांत सुमारे ७ अँपिअर-तास जातील; हे सोसण्याजोगे आहे. परंतु मालकाने मागाहून कॅमेरा बसवला आणि एकूण खर्च २५० मिलिअँपिअरवर गेला, तर तेवढ्याच काळात ३६ अँपिअर-तास संपतात आणि बॅटरी जवळजवळ रिकामी होते. या संपूर्ण बॅटरीत वीज असते ती जेमतेम अर्धा युनिट. घरगुती दराने तिची किंमत काही रुपयांपलीकडे जात नाही. शेजारच्या थोरल्या बॅटरीत ३० युनिटे पडून असताना या अर्ध्या युनिटासाठी गाडी अडते.

येथे इतिहासाचा एक विनोदही आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत विजेच्या मोटारी लोकप्रिय होत्या, कारण पेट्रोलची मोटार हाताने दांडा फिरवून सुरू करावी लागे. १९१२ मध्ये कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग याने तयार केलेला विजेचा स्टार्टर बसवण्यात आला. बॅटरीच्या बळावर पेट्रोलची मोटार सहज सुरू होऊ लागली आणि विजेची मोटार मागे पडण्याचे ते एक मोठे कारण ठरले. शंभर वर्षांनी विजेची मोटार परत आली, ती त्याच जातीच्या बॅटरीवर विसंबून.

पूर्वसूचनेचा अभाव

यावर कोणी म्हणेल की, पेट्रोलच्या मोटारीची बॅटरीही बिघडतेच. हे खरे आहे. जर्मनीतील एडीएसी या मोटारचालकांच्या संघटनेकडे वाटेत अडकलेल्या गाड्यांच्या ज्या हाका येतात, त्यांत १२ व्होल्टची बॅटरी हे वर्षानुवर्षे पहिल्या क्रमांकाचे कारण राहिले आहे आणि विजेच्या मोटारी त्याला अपवाद नाहीत. त्याच संघटनेच्या नोंदींनुसार सारख्या वयाच्या गाड्यांत विजेची मोटार पेट्रोलच्या मोटारीपेक्षा कमी वेळा बंद पडते, हेही सांगितले पाहिजे. तेव्हा विजेची मोटार घेऊच नये, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

फरक आहे तो पूर्वसूचनेचा. पेट्रोलच्या मोटारीचा स्टार्टर एका क्षणात शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह मागतो. बॅटरी थकू लागली की स्टार्टर कण्हू लागतो आणि मालक सावध होतो. नाहीच सुरू झाली तर दोघांनी धक्का मारून जुनी गाडी चालू करता येते. विजेच्या मोटारीला जागे होण्यासाठी थोडाच प्रवाह लागतो. त्यामुळे थकलेली बॅटरीही कालपर्यंत काम देते आणि आज एकाएकी देत नाही. धक्का मारण्याचा उपाय येथे चालत नाही. हाताचा ब्रेकही विजेचा असेल तर तो सुटत नाही, आणि सोसायटीच्या चिंचोळ्या आवारातून गाडी ओढून काढणे हे एक दिव्यच होऊन बसते.

काही वेळा दोष बॅटरीचा नसून तिला वीज पुरवणाऱ्या यंत्रणेचा असतो. थोरल्या बॅटरीची वीज १२ व्होल्टांवर आणून धाकटीला देणारा संच बिघडला, तर धाकटी चालत्या गाडीतच रिकामी होते आणि गाडीचा जोर जातो. याच संचातील संभाव्य दोषासाठी २०२४ मध्ये भारतात ह्युंदाईने आयोनिक ५ च्या १,७४४ आणि किआने ईव्ही६ च्या १,१३८ मोटारी तपासणीसाठी परत बोलावल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये किआने पुन्हा १,३८० मोटारी बोलावल्या. अमेरिकेत याच कारणासाठी परत बोलावलेल्या मोटारींची संख्या दोन लाखांवर गेली. कंपन्यांनी दोष मान्य केला, ही स्वागतार्ह गोष्ट होय. मात्र मुंबई-अहमदाबाद महामार्गावर ट्रकांच्या रांगेत गाडीचा जोर जाणे म्हणजे काय, हे विरार फाट्यावरून जाणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही.

जोखीम कोणाची?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या प्रकरणात दोन धडे आहेत. मायकेल क्रेमर यांनी १९९३ मध्ये मांडलेला एक सिद्धान्त ‘ओ-रिंग’ नावाने ओळखला जातो. १९८६ मध्ये चॅलेंजर हे अंतराळयान एका रबरी कड्याच्या दोषामुळे नष्ट झाले, त्यावरून हे नाव आले. अनेक कामांनी मिळून एखादी वस्तू बनते तेव्हा त्यांच्या गुणवत्तेची बेरीज होत नसून गुणाकार होतो. एक गुणक शून्यावर आला की उत्तर शून्य. धाकटी बॅटरी हा असा गुणक आहे. तिच्यावर वाचवलेले हजार-दोन हजार रुपये ही खरी बचत नव्हे.

दुसरा धडा माहितीच्या विषमतेचा. जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचेच उदाहरण घेऊन दाखवले की, विकणाऱ्याला ठाऊक असलेले दोष घेणाऱ्याला ठाऊक नसतील तर अखेर बाजारच बिघडतो. विजेच्या मोटारीच्या जाहिरातीत थोरल्या बॅटरीच्या आठ वर्षांच्या हमीचा गाजावाजा असतो. धाकटीची हमी त्याहून पुष्कळ कमी असते आणि तिचा उल्लेख माहितीपुस्तिकेच्या आतल्या पानावर, बहुधा इंग्रजीत, दडलेला असतो. गाडी आठवडाभर उभी राहिली तर काय होईल हे कंपनीला ठाऊक असते; मनवेलपाड्यातील ग्राहकाला नसते. तरीही गाडी ओढून नेण्याचा खर्च, बुडालेली रजा आणि मनस्ताप सोसावा लागतो तो त्यालाच. ज्याला जोखीम माहीत आहे आणि जो ती कमी करू शकतो, त्याने ती उचलावी, हा साधा न्याय येथे उलटा झाला आहे.

उपाय अवघड नाहीत. उभ्या गाडीत धाकटी बॅटरी उतरू लागताच थोरलीतून तिला आपोआप वीज देण्याची सोय काही मोटारींत आहे. ती सर्वच मोटारींत असावी. चालकासमोरच्या पडद्यावर धाकटीची अवस्था दिसावी. धाकटीची हमी थोरलीच्या शेजारी, त्याच टाइपात आणि मराठीत छापली जावी. रस्त्याकडेचा बॅटरीवाला आणि गॅरेजमधील कारागीर यांना या गाड्यांवर सुरक्षितपणे काम करण्याचे शिक्षण मिळावे.

हे करून घेण्याची साधने शासनाच्या हाती आहेत. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने सदोष वाहने परत बोलावण्याचा अधिकार केंद्राला मिळाला आणि त्याचे नियम एप्रिल २०२१ पासून लागू झाले. महाराष्ट्राने २०२५ च्या धोरणात विजेच्या मोटारींना करातून आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग व अटल सेतू यांवरील पथकरातून सूट दिली आहे. ही सूट म्हणजे जनतेने सोडून दिलेला महसूल होय. त्या बदल्यात कंपन्यांकडून हमीचे स्पष्ट निवेदन मागितले, तर ते जाचक म्हणता येणार नाही.

तोपर्यंत ग्राहकाने आपल्यापुरती काळजी घ्यावी. आठवड्यातून एकदा तरी गाडी चालवावी, मागाहून बसवलेली उपकरणे उभ्या गाडीत बंद ठेवावीत, बॅटरीची वार्षिक तपासणी लेखी मागावी आणि किल्लीत दडलेली लोखंडी किल्ली कशी काढायची, हे घरातल्या प्रत्येकाला दाखवून ठेवावे. ज्या कुटुंबाने अपरात्रीच्या प्रसंगासाठी कर्ज काढून मोटार घेतली, त्याची गाडी त्याच रात्री अर्ध्या युनिटापायी मुकी राहू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे. ती पुरी करण्याची जबाबदारी मुख्यतः गाडी विकणाऱ्याची आहे.