विलायतेच्या वाऱ्या आणि आपला सिनेमा

दादासाहेब फाळक्यांची १९१२ सालची लंडनवारी आपल्याकडे बहुधा चमत्काराच्या थाटात सांगितली जाते. माणूस विलायतेला गेला, चार दिवसांत विद्या घेऊन आला आणि 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला! या सांगण्याने फाळक्यांचा गौरव होत नाही, उलट त्यांची पंधरा-वीस वर्षांची मेहनत झाकली जाते. सिनेमासाठी झालेल्या पहिल्या अर्धशतकातल्या परदेशवाऱ्या ओळीने पाहिल्या, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. ज्यांचे हात घरी कामात मुरलेले होते आणि जे एखादा अडलेला प्रश्न घेऊन बोटीत चढले, त्यांच्याच वाऱ्या फळाला आल्या.

फाळक्यांचेच पाहा. जे. जे. आणि बडोद्याचे कलाभवन इथले शिक्षण, मग छायाचित्रण, लोणावळ्याला रविवर्मा छापखान्यातले काम, पुढे स्वतःचा छापखाना आणि त्याच्या रंगीत छपाईच्या यंत्रांसाठी १९०९ मध्ये जर्मनीचा प्रवास, एवढी पुंजी आधीच गाठीशी होती. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिल्यावर त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते निघाले. लंडनमध्ये 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी आधी त्यांना या धंद्यापासून परावृत्त करायचा प्रयत्न केला आणि मग सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टनच्या स्टुडिओची वाट दाखवली. तिथला मुक्काम थोडक्या दिवसांचा होता. तेवढ्यात विद्या कळली, कारण काच, रसायने, प्रकाश आणि छपाई यांचे व्याकरण त्यांना ठाऊकच होते. चित्र हलते कसे, एवढेच पाहायचे राहिले होते. परतताना त्यांनी विल्यमसनचा कॅमेरा, छपाईचे यंत्र आणि फिल्मला भोके पाडायचे यंत्र यांची जुळवाजुळव केली. त्या काळी कच्ची फिल्म कडेच्या भोकांविना येई. ती भोके घरीच, अंधारात, चाचपडत पाडावी लागत, आणि हे नाजूक काम सरस्वतीबाई फाळके करीत. नुसत्या स्पर्शाने फिल्म सरकवायची, आणि एक भोक चुकले तरी पडद्यावरचे चित्र थरथरायचे. शिवाय पैसा उभा करायचा होता. त्यासाठी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपत दाखवणारा छोटा चित्रपट आधी झाला. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला, तो या सगळ्यानंतर.

यावर कोणी म्हणेल, मग परदेशी जायचे तरी कशाला? कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी विलायत न पाहता कॅमेरा घरीच घडवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणली. आक्षेप वजनदार आहे, पण तो माझ्या म्हणण्याला बळच देतो. निर्णायक ठरली ती कारागिरी. प्रवासाने फक्त वेळ वाचला. पेंटरांना त्या कॅमेऱ्यासाठी वर्षानुवर्षे खटपट करावी लागली. दुसरा आक्षेप असा की ही सारी परक्यांची शागिर्दीच होती. १९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले, तेव्हा तिथेच राहून चित्रपट काढण्याचा प्रस्ताव त्यांच्यासमोर आला. तो नाकारून ते परतले. शागीर्द असे वागत नाही.

अपयशी ठरलेली वारीही याच कसोटीवर पाहावी. प्रभात फिल्म कंपनीची, पेंटरांच्या चित्रपटाहून वेगळी 'सैरंध्री' रंगीत करण्यासाठी व्ही. शांताराम १९३३ च्या सुमारास जर्मनीला गेले. रंग जमले नाहीत, खर्च अंगावर आला. हिशेबाच्या वहीत हा तोटाच. पण दुसऱ्याच वर्षी पुण्याच्या नव्या स्टुडिओत 'अमृतमंथन' तयार झाला. त्यात राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा एकच डोळा अख्खा पडदा व्यापतो, आणि गडद सावल्यांची जर्मन रीत मराठी-हिंदी प्रेक्षकाच्या अंगावर येते. रंग आणायला गेलेला दिग्दर्शक काळोख कसा वापरावा हे घेऊन आला. दिग्दर्शनाची तालीम आधीच झालेली नसती, तर हे त्याच्या ध्यानात आले नसते.

साठच्या दशकात चित्र पालटले. 'संगम' (१९६४), 'लव्ह इन टोकियो' (१९६६), 'अॅन इव्हिनिंग इन पॅरिस' (१९६७) यांची पथके निसर्ग आणि शहरे टिपायला गेली. परकीय चलनाच्या तुटवड्यात सामान्य माणसाला परदेश दुर्लभ होता. त्याला व्हेनिस, पॅरिस रंगांत पाहायला मिळाले, हे मोलाचेच. तरी या वाऱ्यांतून नवी चित्रभाषा आली नाही. कॅमेरा तिथे प्रवाशासारखा फिरला.

म्हणून चित्रपटाचा इतिहास शिकवणाऱ्यांना एक विनंती आहे. फाळक्यांची लंडनवारी सांगण्याआधी लोणावळ्याच्या छापखान्यातली त्यांची वर्षे सांगा, आणि कॅमेऱ्याच्या शेजारी सरस्वतीबाईंचे नाव लिहा. 'नवयुग' मासिकात १९१७-१८ मध्ये फाळक्यांनी स्वतः लिहिलेले लेख विद्यार्थ्यांच्या हाती द्या.