थकणे : थांबण्यापासून थकबाकीपर्यंत

कोलकात्यात नव्याने गेलेल्या मराठी माणसाला कुणीतरी विचारतेच, "आपनि कोथाय थाकेन?" प्रश्न साधा आहे, तुम्ही राहता कुठे? मराठी कानाला मात्र तो 'तुम्ही थकता कुठे?' असा ऐकू येतो. बंगालीत 'थाका' म्हणजे राहणे. हिंदी 'थकना', गुजराती 'थाकवुं' आणि आपले 'थकणे' ही त्याचीच भावंडे. वडिलोपार्जित अर्थ जपला तो बंगालीने.

पुरावा जुना आहे. 12व्या शतकात गुजरातेत पंडित हेमचंद्राने 'सिद्धहेमशब्दानुशासन' हे व्याकरण रचले. त्याचा आठवा अध्याय प्राकृताचा. संस्कृत 'स्था' धातूऐवजी प्राकृतात काय काय येते हे सांगताना तो 'ठा', 'चिट्ठ' यांच्या पंक्तीला 'थक्क' बसवतो. म्हणजे उभे राहणे. भाषाभ्यासक राल्फ टर्नर यांनी 1960च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या तौलनिक कोशात या शब्दांमागे 'थांबणे, अडणे' या अर्थाचे एक मूळ रूप कल्पिले. चालणारा वाटेत थांबतो तो बहुधा पाय बोलू लागले म्हणून. थांबण्याचे दमणे झाले ते असे.

मग 'थक्क होणे' हे कोडे उरत नाही. आश्चर्याने माणूस जागच्या जागी उभा राहतो. संस्कृत 'स्तंभ्' धातूनेही हेच केले: त्याच्यातून 'थांबणे' आले आणि 'स्तंभित होणे'ही.

मराठीची खरी करामत पैशात दिसते. भाडे थकते, पगार थकतो, हप्ते थकतात. देणारा ठणठणीत असतो, थकतो तो पैसा! व्याकरण इथे बुडव्याच्या बाजूचे वाटते. पण 'थकणे' म्हणजे अडून राहणे हे ध्यानात घेतले की वाक्य सरळ होते. 'थकबाकी'त प्राकृत 'थक' आणि अरबी 'बाकी' शेजारी बसले, आणि दोघांचा अर्थ 'राहिलेले' असाच.

श्रमासाठी मराठीकडे आणखीही शब्द आहेत. 'भागणे' हे 'भग्न'वरून, म्हणजे मोडलेले. चांदोबाची बडबडगीतात विचारपूस होते ती याच शब्दाने. 'दमणे'ला दोन दावेदार: संस्कृत 'दम्', म्हणजे काबूत आणणे, आणि फारसी 'दम', म्हणजे श्वास. जिना चढून आलेला दमतो, जरा टेकला की पुन्हा उठतो. "आई आता थकली" या वाक्यातला थकवा विश्रांतीने जाणारा नाही. हिंदी 'थकना' या दोन्ही ठिकाणी चालते, मराठीत बोलणारा शब्द निवडून घेतो.

पैशाचे 'थकणे' आज फार राबते ते ऊसपट्ट्यात. 1966च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाचे पैसे 14 दिवसांत द्यायचे असतात. ते थकले तर वर्षाला 15 टक्के व्याज. कारखान्याच्या कर्जासाठी राज्य सरकार देते ती 'थकहमी': कारखान्याने हप्ते थकवले, तर ते सरकारी तिजोरीतून भरायचे.