जुन्या रॉक अँड रोलच्या नव्या तबकड्या

१९५४ सालच्या जुलै महिन्याच्या पाच तारखेला रात्री अमेरिकेतील मेम्फिस शहरात, युनियन ॲव्हेन्यूवरील एका लहानशा ध्वनिमुद्रणगृहात, एकोणीस वर्षांचा एक ट्रकचालक, एक गिटारवादक आणि एक बासवादक असे तिघे जण गाणे बसविण्याच्या खटपटीत होते. ड्रमवादक नव्हताच. बराच वेळ मनासारखे काही जमेना. मग विश्रांतीच्या वेळी निव्वळ गंमत म्हणून त्यांनी एक जुने ब्लूज गीत वेगळ्याच लयीत सुरू केले. ते ध्वनिमुद्रणगृहाचे मालक सॅम फिलिप्स यांच्या कानी पडले आणि त्यांनी यंत्र चालू केले. एल्व्हिस प्रेस्ली यांचे ‘दॅट्स ऑल राइट’ हे गीत असे ध्वनिमुद्रित झाले. ते पुरते दोन मिनिटांचेही नाही.

त्या खोलीतील चौघांपैकी आज कोणीही हयात नाही. उरले आहे ते फितीवर उमटलेले ध्वनीचे ठसे, आणि त्या फितीवरून वेळोवेळी काढलेल्या प्रती. तेव्हा आज एखादा श्रोता या गीताची सीडी विकत घेतो, त्या वेळी त्याच्या हाती नेमके काय पडते, हा प्रश्न केवळ हौशी संग्राहकांचा राहत नाही. प्रत खोटी असेल तर पुढच्या पिढ्यांना ते संगीतही खोटेच कळेल.

सीडी हे माध्यम १९८२ साली प्रथम जपानमध्ये बाजारात आले. तिच्यात ध्वनिलहरीची उंची दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजली जाते आणि प्रत्येक मोजमाप सोळा द्विमान अंकांत नोंदविले जाते. त्यायोगे मनुष्याच्या कानाला ऐकू येणारी जवळजवळ सर्व कंपने तीत सामावतात. अगदी मंद आणि अगदी मोठ्या आवाजातील अंतर सुमारे ९६ डेसिबेलपर्यंत राखता येते. १९५० च्या दशकातील कोणत्याही फितीची झेप एवढी नव्हती. म्हणजे पात्र पुरेसे मोठे आहे. त्यात काय ओतले गेले, एवढेच पाहावयाचे. एकाच गीताच्या दोन सीडी ऐकून एक जिवंत वाटते आणि दुसरी निष्प्राण, याचे कारण तबकडीत नसून तबकडीच्या आधी घडलेल्या गोष्टींत असते.

त्यांपैकी पहिली गोष्ट म्हणजे फितीची वंशावळ. गीत वाजले तेव्हा जी फीत यंत्रावर फिरत होती ती मूळ फीत. तिच्यावरून कारखान्यासाठी दुसरी प्रत निघे, परदेशी शाखांसाठी तिसरी, आणि पुढे संकलित तबकड्यांसाठी चौथी. प्रत्येक प्रतीबरोबर फितीच्या सुसकाऱ्याचा एकेक थर वाढतो आणि वरच्या सुरांची धार थोडी बोथट होते. शिवाय ग्रामोफोनच्या तबकडीसाठी केलेल्या प्रतीत खर्जाचे स्वर मुद्दाम आवरलेले असत, कारण तसे न केल्यास सुई खाचेतून उडण्याची भीती असे. हस्तलिखित पोथ्यांचा ज्यांना परिचय आहे त्यांना हे नवे वाटणार नाही. प्रतीवरून प्रत होताना पाठ बिघडत जातो, आणि म्हणूनच एकनाथांना ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. सीडीच्या आरंभीच्या काळात घाईने काढलेल्या अनेक तबकड्या अशा तिसऱ्या-चौथ्या हाताच्या फितींवरून केलेल्या होत्या. ‘डिजिटल’ हा शब्द वेष्टनावर मोठ्या अक्षरांत छापला म्हणून फितीची पिढी बदलत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बनावट स्टीरिओ. आरंभीचे रॉक अँड रोल प्रायः मोनो पद्धतीने, म्हणजे एकाच मार्गिकेवर ध्वनिमुद्रित झाले. १९६० नंतर दोन ध्वनिवर्धकांची यंत्रे घरोघरी आली, तेव्हा जुन्या तबकड्यांनाही नवा पोशाख चढविण्याची टूम निघाली. एका बाजूला खर्जाचे स्वर, दुसऱ्या बाजूला तारस्वर, मध्ये किंचित कालांतर आणि वर थोडा प्रतिध्वनी, अशी ही युक्ती होती. परिणामी गायक खोलीच्या मध्यभागी उभा न राहता भिंतीभर पसरल्यासारखा वाटे. प्रेस्ली यांची १९५६ सालची पहिली लाँग प्ले तबकडी १९८४ साली प्रथम सीडीवर आली ती याच बनावट स्वरूपात. ती लवकरच मागे घेण्यात आली व मूळ मोनो ध्वनी असलेली सीडी तिच्या जागी देण्यात आली.

हा दोष ओळखणे कठीण नाही. खऱ्या मोनो सीडीत डावी व उजवी मार्गिका तंतोतंत सारखी असते, आणि श्रोता दोन ध्वनिवर्धकांच्या बरोबर मध्ये बसला तर आवाज एका बिंदूतून येतो. तो बिंदू पसरट वाटला, किंवा झांजेबरोबर इकडून तिकडे डुलू लागला, तर काहीतरी चुकले आहे असे समजावे. कधीकधी लबाडी नसतेही. मोनो फीत दोन मार्गिकांच्या वाचकशीर्षावर थोडी तिरपी बसविली गेली तरी असे डुलणे येते. वर्धकावर मोनोची कळ असल्यास ती दाबून पाहावी. कळ दाबताच वरचे स्वर मंदावले, तर दोन्ही बाजू एकमेकींशी जुळत नाहीत हे सिद्ध होते.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे, आणि सामान्य श्रोता येथेच हमखास फसतो. फितीचा सुसकारा त्याला दोष वाटतो व तो नाहीसा झाला की सीडी चांगली वाटते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात संगणकाच्या साह्याने हा सुसकारा पुसण्याची तंत्रे प्रचारात आली. परंतु सुसकारा आणि संगीत यांच्यात संगणकाला दिसेल अशी कुंपणाची रेघ नसते. ब्रशने वाजविलेल्या ड्रमची सळसळ, गायकाने घेतलेला श्वास, सूर थांबल्यावर खोलीत रेंगाळणारी आस, हे सारे त्याच सुसकाऱ्याच्या प्रदेशात राहते. एक पुसताना दुसरे पुसले जाते. फिलिप्स यांच्या ध्वनिमुद्रणांतील प्रसिद्ध प्रतिध्वनीचे उदाहरण घ्यावे. दोन टेपयंत्रे जोडून, दुसऱ्या यंत्रावरून क्षणभर उशिरा आलेला आवाज ते पहिल्यात मिसळीत. त्या दुहेरी ठोक्याने तीन वादकांचा ताफा मोठा भासे. ज्या सीडीत हा दुसरा ठोका स्पष्ट ऐकू येतो आणि मग सावकाश विरतो, ती सीडी विश्वासार्ह. ज्यात तो कापल्यासारखा मध्येच थांबतो, ती संशयास्पद. गीताच्या अखेरीस आवाज मंदावत जातो ते सेकंद लक्षपूर्वक ऐकावेत. संगीताबरोबर सुसकाराही एकदम मिटला, तर कोणीतरी झाडू फिरविला आहे.

याउलट काही दोष मूळचेच असतात व त्यांचे खापर सीडीवर फोडणे अन्यायाचे होईल. लिटल रिचर्ड यांचे ‘टुटी फ्रुटी’ सप्टेंबर १९५५ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे कोसिमो मटासा यांच्या छोट्या ध्वनिमुद्रणगृहात झाले. मोजके ध्वनिग्राहक, एकाच खोलीत पियानो, सॅक्सोफोन व ड्रम, आणि त्यांच्या वर तो गगनभेदी कंठ! गायक आरोळी देतो तेव्हा आवाज किंचित फाटतो, तो त्या दिवशीच फाटला होता. एखाद्या सीडीत तो मऊ, गुळगुळीत झाला असेल तर तो सुधार नव्हे, अपहार होय. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर ज्यांनी बालगंधर्व ऐकले आहेत त्यांना खरखरीपलीकडचे ऐकण्याची सवय असते, आणि येथे तीच सवय उपयोगी पडते.

बडी हॉली यांच्या बाबतीत पाठशुद्धीचा प्रश्न याहूनही गंभीर झाला. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला तेव्हा ते अवघे बावीस वर्षांचे होते. अखेरच्या आठवड्यांत न्यूयॉर्कमधील राहत्या घरी केवळ गिटारच्या साथीवर त्यांनी काही गीते फितीवर गाऊन ठेवली होती. त्यांच्या पश्चात या फितींवर इतरांकडून साथसंगत चढविण्यात आली, पुढे पुन्हा एकदा निराळी साथ चढविण्यात आली, आणि कित्येक वर्षे श्रोत्यांना हीच रूपे परिचित राहिली. ही भर घातलेली रूपे नितळ ऐकू येतात यात शंका नाही. पण नितळपणा आणि खरेपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९८५ साली स्टीव्ह हॉफमन यांनी हॉली यांच्या निवडक गीतांची जी सीडी सिद्ध केली, ती मूळ फितींचा शोध घेऊन. संग्राहकांत तिचा लौकिक आजही टिकून आहे.

मात्र मूळ फीत हेच अंतिम प्रमाण, असे मानण्यावरही एक आक्षेप आहे. १९५६ सालच्या तरुणांनी फीत ऐकलीच नव्हती. त्यांनी ऐकली ती ४५ फेऱ्यांची तबकडी, नाणे टाकून वाजणाऱ्या यंत्रावर किंवा मोटारीच्या रेडिओवर. तबकडी कोरणारा तंत्रज्ञ मधले स्वर उचलून देई, म्हणून ती फितीपेक्षा अधिक ठसठशीत वाजे. त्या पिढीतील श्रोत्याला फितीवरून केलेली निर्मळ सीडी मिळमिळीत वाटली तर त्याला अडाणी म्हणता येणार नाही. तरीही फितीवरून तबकडीकडे जाता येते, तबकडीवरून फितीकडे परतता येत नाही. म्हणून फितीचाच पक्ष घेणे इष्ट.

१९९० च्या दशकात मोठ्या आवाजाची स्पर्धा सुरू झाली. सीडीवर आवाजाला एक कमाल मर्यादा असते. सारे गीत त्या मर्यादेपर्यंत रेटले की ठोक्यांची टोके सपाट होतात आणि मंद व तीव्र यांतील भेद नाहीसा होतो. अशी सीडी प्रथम अधिक जोमदार वाटते, कारण कान मोठ्या आवाजाला भुलतो. चार गाण्यांनंतर डोके जड होते. म्हणून दोन सीडींची तुलना करताना दोहोंचा आवाज आधी सारखा करून घ्यावा. ही एवढी साधी खबरदारी न घेतल्यामुळे कितीतरी अभिप्राय व्यर्थ ठरले आहेत.

१ जून २००८ रोजी लॉस एंजलिसजवळच्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली. शिकागोच्या चेस कंपनीच्या मूळ फिती, आणि त्यांत चक बेरी यांच्याही, या आगीत नष्ट झाल्याचे वृत्त २०१९ साली न्यूयॉर्क टाइम्सच्या नियतकालिकाने प्रसिद्ध केले. हानी एवढी मोठी नव्हती असे कंपनीचे म्हणणे पडले. जेथे फीत खरोखरच गेली असेल, तेथे आगीपूर्वी तिच्यावरून थेट काढलेली सीडीच मूळ ध्वनीच्या सर्वांत जवळची साक्षीदार ठरते, मग तिचे वेष्टन कितीही जुनाट असो. नवी, ‘पुनःसंस्कारित’ असा शिक्का असलेली आवृत्ती त्या जुन्या सीडीवरूनच केलेली असू शकते. म्हणूनच जाणते संग्राहक जुन्या मालाच्या दुकानात सीडी हाती आली की आधी पुस्तिकेतील बारीक टाइपातले वर्ष वाचतात, मग तबकडी उलटून उजेडात धरतात आणि मधल्या भोकाभोवतीच्या चकचकीत कड्यावर उमटविलेला क्रमांक पाहतात.