'बिनडोक' बोल्टचे शहाणपण

सोलापूर-धुळे राष्ट्रीय महामार्ग आणि बार्शी-लातूर रस्ता जेथे एकमेकांना भेटतात, ते धाराशिव जिल्ह्यातील गाव म्हणजे येडशी. बालाघाटच्या डोंगरात वसलेल्या रामलिंगाचे दर्शन आणि भोवतालच्या अभयारण्याची हिरवाई यांच्या ओढीने पावसाळ्यात येथे शहरी पर्यटकांची वर्दळ असते. अशाच एका सहलीवरून परतताना आमच्या मोटारीची चावी फिरेना. स्टिअरिंगही जागच्या जागी घट्ट अडकलेले. चौकाजवळच्या गॅरेजमधून मिस्त्रींना बोलावून आणले. मोटारीला हात लावण्यापूर्वी त्यांनी एकच मागणी केली, ''साहेब, आधी आर.सी. बुक दाखवा.'' क्षणभर राग आला. परंतु पुढच्या दोन-अडीच तासांत त्या मागणीमागचा अर्थ उलगडत गेला.

मिस्त्रींनी प्रथम सोपे उपाय करून पाहिले. मोटार उभी करताना चाके वळलेली राहिली, की स्टिअरिंगचा ताण कुलपाच्या दांडीवर येतो आणि चावी अडते. अशा वेळी स्टिअरिंग हलक्या हाताने डावी-उजवीकडे हलवत चावी फिरवली, तर बहुधा काम होते. चावी झिजली असल्यास घरातील दुसरी चावी चालून जाते. चावीवर जोर मात्र करू नये. ती आतच तुटते. आमच्या बाबतीत कुलपाचा आतील भागच झिजला होता. संपूर्ण कुलूप बदलणे हाच मार्ग उरला. स्टिअरिंगखालचे प्लॅस्टिकचे झाकण काढल्यावर दिसले, की कुलूप ज्या दोन बोल्टनी आवळले आहे त्यांना डोकेच नाही! पाना लावायचा तरी कशाला?

डोके का मोडतात?

स्टिअरिंगच्या कुलपाची रचना मुळात साधी आहे. चावी काढून घेतली, की स्प्रिंगच्या जोरावर एक पोलादी दांडी पुढे सरकते आणि स्टिअरिंगच्या दांड्यातील खाचेत जाऊन बसते. स्टिअरिंग थोडे फिरवताच 'खट्' असा आवाज येतो, तो या दांडीचाच. हे कुलूप स्टिअरिंगच्या नळीभोवती दोन अर्धगोल कड्यांनी जखडलेले असते आणि ती कडी दोन बोल्टनी आवळलेली असतात. येथे साधे बोल्ट वापरले, तर दांडी कितीही भक्कम असली तरी चोर पाना लावून काही मिनिटांत सगळे कुलूपच उतरवील. दाराला भारी कुलूप लावावे आणि कडीचे स्क्रू बाहेरच्या बाजूला ठेवावेत, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून या ठिकाणी मान बारीक केलेला बोल्ट वापरतात. डोक्याच्या खाली त्याची जाडी मुद्दाम कमी केलेली असते. पान्याने आवळत नेले, की ठरावीक ताणाला तो त्या मानेतूनच मोडतो. षट्कोनी डोके गळून पडते आणि मागे उरतो तो गुळगुळीत, गोलसर बुंधा. बोल्ट पुरेसा आवळला गेल्याची खूण त्यातच मिळते आणि तो उलटा फिरवण्याची सोयही त्याच क्षणी नाहीशी होते.

हे तत्त्व आपल्या रोजच्या पाहण्यात आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना सक्तीच्या झालेल्या आणि नंतर महाराष्ट्रात जुन्या वाहनांनाही बसवाव्या लागलेल्या उच्च सुरक्षा क्रमांकपट्ट्या आठवाव्यात. त्या ज्या 'स्नॅप लॉक'ने बसवतात, ते एकदा बसले की न तोडता निघत नाही. विजेच्या उच्चदाब वाहिन्यांच्या मनोऱ्यांवरही खालच्या भागात, जेथे माणसाचा हात सहज पोहोचतो तेथे, चोरीला अटकाव करणारे नट-बोल्ट वापरतात.

सगळा खेळ वेळेचा

तोडता येणार नाही असा बोल्ट जगात नाही. मग त्याचा उपयोग काय? तो चोराला रोखत नाही, त्याचा वेळ खातो. मोटारींच्या चोरीविरोधी यंत्रणांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या युरोपविषयक आर्थिक आयोगाचा जो ११६ क्रमांकाचा नियम आहे, त्याची अपेक्षाही हीच आहे. स्वस्त, सहज लपवता येणाऱ्या हत्यारांनी, झटपट आणि कोणाचे लक्ष न वेधता ही यंत्रणा निकामी करता येऊ नये, एवढेच तो मागतो. दोन मिनिटांचे काम अर्ध्या तासाचे झाले आणि त्यात ठोकाठोकीचा आवाज आला, की चोराचा धीर सुटतो.

याचा पडताळा इतिहासात मिळतो. तत्कालीन पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये नव्या मोटारींना स्टिअरिंगचे कुलूप सक्तीचे केले आणि पाठोपाठ जुन्या मोटारींनाही ते बसवायला लावले. तेथे मोटारचोऱ्यांचे प्रमाण घटले. ब्रिटनमध्ये १९७१ पासून ते केवळ नव्या मोटारींना बसू लागले. तेव्हा चोरांनी आपला मोर्चा जुन्या, बिनकुलपाच्या मोटारींकडे वळवल्याचे दिसून आले. ज्या मोटारीला कमी वेळ लागतो, तिचाच घास आधी घेतला जातो. पुढे इंजिनच सुरू होऊ न देणारी 'इमोबिलायझर' ही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. तरीही चावीच्या असंख्य मोटारींत हे साधे कुलूप आजही पहारा देत आहे.

काढणे आणि बसवणे

प्रामाणिक कारागिराला हा बोल्ट काढण्यासाठी घाम गाळावा लागतो. आमच्या मिस्त्रींनी आधी बॅटरीची जोडणी सोडली आणि काही मिनिटे थांबले. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकाची एअरबॅग सक्तीची आहे आणि ती स्टिअरिंगमध्येच असते. बॅटरी सोडल्यावरही तिच्या यंत्रणेत काही काळ वीज शिल्लक राहते. मोटारीच्या माहितीपुस्तिकेत दिलेली वेळ न पाळता तेथे ठोकाठोक करणे म्हणजे जिवाशी खेळ.

त्यानंतर त्यांनी छिन्नीची धार बुंध्याच्या कडेला तिरपी टेकवून हातोडीने हलके ठोके दिले. बोल्ट सुटण्याच्या दिशेने कणाकणाने सरकू लागला. दुसरा मात्र हलेना. त्याच्या मधोमध पंचने खूण करून बारीक छिद्र पाडले आणि त्यात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर बसवला. तो जसजसा रुतत जातो, तसतसा बोल्ट बाहेर येतो. छिद्र जराही तिरपे गेले तर आटे खराब होतात आणि खर्च वाढतो. भर रस्त्यात, कोणाच्या नकळत करण्याजोगे हे काम नव्हे, हे तेव्हा पटले.

खरी कसोटी पुढे होती. धाराशिवहून नवे कुलूप आले, तेव्हा आम्हीच सुचवले, ''मिस्त्री, साधे बोल्ट लावा ना, पुढच्या वेळी त्रास नको.'' त्यांनी मान हलवली. ''साहेब, तुम्हाला सोपं म्हणजे चोरालाही सोपं.'' नवे बोल्ट त्यांनी प्रथम हातानेच आवळले. चावी अनेकदा फिरवून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून दांडी कोठे घासत नाही ना, याची खात्री केली. मगच पाना लावून डोकी मोडली. हा क्रम महत्त्वाचा, कारण डोके मोडल्यावर चूक सुधारायची तर सारी उस्तवार पुन्हा करावी लागते.

वाचकांनी येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कुलूप बदलल्याची पावती आणि जुन्या-नव्या साऱ्या चाव्या जपून ठेवाव्यात. मोटार चोरीला गेली तर विमा कंपन्या चाव्या मागतात आणि तेव्हा चाव्यांतील फरकाचा खुलासा करावा लागतो. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. इंधन वाचवण्यासाठी घाटाच्या उतारावर इंजिन बंद करण्याची सवय अनेकांना असते. इंजिन बंद होताच ब्रेक आणि स्टिअरिंगला मिळणारे साह्य संपते. त्यात चावी बाहेर काढली गेली, तर चोरासाठी बसवलेली दांडी धावत्या मोटारीचेच स्टिअरिंग जखडून टाकते. पुढच्या वळणावर मग काही हाती राहत नाही. मोटार पूर्ण थांबेपर्यंत चावीला हात लावू नये.

निघताना मजुरी चुकती केली आणि आर.सी. बुक परत घेतले. बोल्ट चोराचा वेळ खातो, पण तो कोणासाठी काढायचा आणि कोणासाठी नाही, हे त्याला कळत नाही. ते ठरवणारा माणूस गॅरेजमध्ये असावा लागतो. यापुढे एखाद्या मिस्त्रींनी कागदपत्रे मागितली, तर रागावू नये. आपल्या मोटारीचे ते आणखी एक कुलूप आहे.