दिल्लीची डिझेल गाडी, कोरीटचं अंगण

नंदुरबारजवळच्या कोरीटमध्ये डिझेल गाडीला वयाची बंदी नाही. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून, हरित कर भरून नोंदणी वाढवून मिळते. दिल्लीत मात्र राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्या रस्त्यावरून हटवायला सांगितलं आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. जुन्या इंजिनाची बारीक काजळी थेट फुप्फुसात उतरते, हे कारण खरंच आहे. पण धुराऐवजी वयावर बोट ठेवल्याने नीट राखलेली गाडीही मातीमोल होते, आणि भाड्यावर घर चालवणाऱ्या चालकाची पोटाची सोय जाते. हे मला पटत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने आधी दिलेलं, वयावरून होणाऱ्या कारवाईपासूनचं संरक्षण बीएस-४ उत्सर्जन मानकाच्या आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं.

दिल्लीतली अशी ‘डीएल’ पाटीची जुनी गाडी इथे स्वस्तात मिळाली, तर आधी आरसी उघडा. नोंदणीची तारीख बघा, मूळ आरटीओची एनओसी मागा. नंदुरबारचा एमएच-३९ क्रमांक घेताना इथला रस्ताकर पुन्हा भरावा लागतो. तो किमतीत धरूनच सौदा करा.