निरोपाचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यातील महागावचा एखादा तरुण परदेशी निघतो, तेव्हा त्याचा पाय गावातून निघत नाही. नागपूर–तुळजापूर महामार्गावर आई डोळ्यांना पदर लावते. वडील काही बोलत नाहीत. कोरडवाहू कापसाने त्याला शिकविले, ही नोंद मात्र कोणत्याच ताळेबंदात नसते. परदेशाहून येणारा पैसा रिझर्व्ह बँक मोजते. गावाने घातलेले भांडवल कोण मोजणार? १९७० च्या दशकात अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी अशा स्थलांतरितांच्या उत्पन्नावर कर बसवून तो मायदेशास द्यावा, असे सुचविले होते. सूचना न्याय्यच, पण तो पैसा दिल्लीस पोचता, महागावच्या शाळेपर्यंत कितपत झिरपता, ही शंकाच आहे.

गाडी सुटते. वडील तसेच शेताकडे वळतात. वेचणी खोळंबलेली असते.